बहिरमची हंडी आणि वाटसरूची शिदोरी

आज जेवणाविषयी बोलू. पण घरच्या नाही, घराबाहेरच्या. परगावी निघालेला माणूस आपल्या वऱ्हाडात कुठं जेवत होता, काय जेवत होता, ते कोण रांधत होतं, आणि त्या पंगतीत बाई कुठं बसत होती, हा आजचा विषय. इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. चुलीवर कोणी काय ठेवलं होतं ते फारसं नसतं. ते आपणच जुळवायचं.

सुरुवात बहिरमपासून करते, कारण बाहेर जाऊन पोटभर गावरान जेवण्याची आपली सगळ्यांत नामी जागा तीच. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरमबुवाचं ठाणं आहे. देव म्हणजे भैरव, त्याला लोणी आणि शेंदूर लावतात. 20 डिसेंबरला यात्रा सुरू होते ती जानेवारी सरेपर्यंत चालते. एवढी लांब यात्रा दुसरीकडे क्वचितच असेल. लोक राहुट्या घेऊन मुक्काम करतात आणि मातीच्या हंडीत मटण शिजवतात. हंडीचं तोंड बंद करून खाली मंद विस्तव ठेवायचा आणि घाई करायची नाही. सोबत रोडगे. अमरावतीची, अकोल्याची माणसं तर येतातच, पण मध्य प्रदेशातूनही येतात. देव निमित्ताला, हंडी मुद्द्याला, असं कोणी म्हटलं तर बहिरमबुवा रागावणार नाही.

आता रोडग्याकडे नीट बघा. आपण तो इतक्या वेळा खाल्ला की त्यातली अक्कल आपल्याला दिसत नाही. गव्हाचं जाडसर पीठ. कणकेच्या लहान लहान पुऱ्या करायच्या, मधे तेलाचं बोट फिरवायचं, एकीवर एक ठेवायच्या आणि सगळ्या मिळून गोळा बंद करायचा. मग गोवऱ्यांच्या आरात पुरायचा. याला तवा लागत नाही. चूल लागत नाही. पोळपाट नसला तरी हातावर थापून भागतं. पानग्याचंही तसंच, पळसाच्या पानात थापलेली कणीक आणि खाली निखारा. म्हणजे हे मुळात वाटेवरचं जेवण आहे. बैलगाडीत पिठाची थैली, तेलाची शिशी, मीठ-मिरची आणि चार वांगी असली की झालं. गोवऱ्या रानात मिळतात, पळसही रानात मिळतो. वर राखेतला रोडगा फोडून त्यात तूप सोडलं की घरच्या पोळीनं मान खाली घालावी.

सातासमुद्रापलीकडचं एक उदाहरण सांगते, म्हणजे आपण एकटेच असे नाही हे कळेल. युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. तिथलं सगळ्यांत प्रसिद्ध जेवण गुलाश, म्हणजे मटणाचा किंवा गोमांसाचा लाल रस्सा. गुलाश हा शब्द त्यांच्या भाषेत मुळात गुराख्याचा, गुरांच्या खिल्लाराचा. मोठाल्या माळरानावर गुरं चारणारे गडी तिथंच विस्तवावर टांगलेल्या कढईत हा रस्सा रटरटवायचे. पुढं तोच पदार्थ मोठ्या लोकांच्या ताटात गेला आणि देशाची ओळख झाला. त्या माळरानावर रस्त्याकडेला वाटसरूंसाठी जुन्या खानावळी असत, त्यांना तिकडे ‘चारदा’ म्हणतात. आपल्या ढाब्याचे दूरचे मामेभाऊच. आज तिथं जाणारा प्रवासी मुद्दाम अशा खानावळीत बसून गुलाश मागतो.

गंमत तर पुढंच आहे. गुलाशचा लाल रंग येतो तो मिरचीच्या भुकटीमुळं. ती मिरची हंगेरीची नाही, तुर्कांच्या वाटेनं तिकडे पोचली. आणि आपल्या ठेच्यातली मिरचीही आपली नाही! दोन्हीकडची मिरची मुळात अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. त्याआधी आपल्या पणजीच्या पणजीच्या जेवणात तिखट होतं ते मिऱ्याचं, पिंपळीचं, आल्याचं. त्यामुळं ‘आमचा ठेचा हजारो वर्षांपूर्वीचा’ असं कोणी स्टॉलच्या पाटीवर लिहीत असेल तर लिहू देऊ नका. हंगेरीच्या मिरचीची अजून एक गोष्ट. तिथल्या सेगेड गावात सेंट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञानं याच जातीच्या मिरचीतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं आणि 1937 साली त्याला नोबेल मिळालं. मिरचीला गरिबाचं तोंडीलावणं म्हणून हिणवू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

परत वऱ्हाडात येऊ. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्यानंतर 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला भाव आला. अमरावती, अकोला, खामगाव इथं कापसाचे बाजार फुगले. 1867 पर्यंत रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. कापसाच्या गाड्या भरून शेतकरी बाजाराला येऊ लागले. माप होईपर्यंत मुक्काम पडायचा. हे गाडीवान, हमाल, जिनिंगातले मजूर जेवत कुठं असतील? बहुतेकांची शिदोरी बरोबर असायची, फडक्यात बांधलेली भाकर, ठेचा, कांदा. लांबचा पल्ला असला तर दुधात भिजवलेल्या दशम्या, कारण त्या लवकर खराब होत नाहीत. शिदोरी संपली की बैल सोडून गाडीखालीच विस्तव पेटायचा.

ही शिदोरी बांधायची कोणी? घरच्या बाईनं. पहाटे उठून, जात्यावर दळून. तिचं नाव कापसाच्या हिशेबात कुठंच नाही. गाडीभाडं हिशेबात आहे, हमाली आहे, अडत आहे. भाकर नाही.

आणि एक दुखणं होतं, ते झाकून पुढं जाता येत नाही. बाहेर जेवायचं म्हणजे जात आडवी यायची. कोणाच्या हातचं खायचं, कोणाशेजारी बसायचं, कोणाच्या घड्यातलं पाणी. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पाणके असत. दलितांना तर विहिरीवर, हॉटेलात, धर्मशाळेत सगळीकडेच मज्जाव. वरच्या जातीच्या माणसाची शिदोरी ही पुष्कळदा सोवळ्याची सोय होती. दलित माणसाची शिदोरी ही नाइलाजाची. पुरचुंडी दिसायला सारखीच. कित्येक गावांत चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी ठेवलेली असायची, ही गोष्ट आपल्या मायबापांच्या आठवणीतली आहे, फार लांबची नाही.

या ठिकाणी गाडगेबाबांचं नाव घ्यावंच लागतं. ते आपल्याच मातीतले. 1876 साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात परीट घरात जन्म, लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. गाडगं हीच त्यांची थाळी आणि तोच पाण्याचा गडू. म्हणून लोकांनी नाव पाडलं. गावात गेले की आधी झाडू घ्यायचा किंवा काम करायचं आणि मग भाकर खायची, फुकटची नाही. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजातली दारू आणि मटण बंद ठेवून गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद किती रुसले असतील याची कल्पना करा. देवाला कोंबडं-बकरं कापू नका, कर्ज काढून पंगती घालू नका, हे ते कीर्तनातून सांगत फिरले. बहिरमला देवापुढं बळी देणं थांबलं ते त्यांच्यामुळं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात.

पण माझ्या मते वाटसरूच्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे धर्मशाळा. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा. पंढरपूरला ज्यांना मंदिराच्या पायरीपुढं जाऊ देत नव्हते त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. परगावी गेल्यावर डोक्यावर छप्पर आहे आणि तीन दगड मांडायला जागा आहे, कोणी हुसकावणार नाही, ही केवढी गोष्ट होती! बाईसाठी तर जास्तच. बाबा गेले 20 डिसेंबर 1956 ला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी. बहिरमची यात्रा सुरू होते तोच दिवस.

बाई घराबाहेर कधी जेवू लागली, हा प्रश्न मी आमच्या गटांच्या बैठकांतून पुष्कळींना विचारला. जवळजवळ सगळ्या म्हाताऱ्यांचं उत्तर सारखंच येतं, यात्रेत नाहीतर वारीत. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, तिच्यासोबत बाया चालतात. गावोगावी पंगती बसतात. दुसऱ्याच्या हातचं, गरम, आपल्या ताटात आयतं पडलेलं अन्न कित्येकींनी आयुष्यात पहिल्यांदा तिथंच खाल्लं. शेगावचंही तसंच. गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले 23 फेब्रुवारी 1878 ला, आणि कसे? पंगतीनंतर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. महाराजांच्या नैवेद्यात आजही पिठलं-भाकर आणि हिरवी मिरची असते. संस्थानात महाप्रसाद रोज चालू आहे, तिथं पंगतीत बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही की तू कोणासोबत आलीस.

शेगावची कचोरी मात्र महाराजांच्या काळची नाही बरं का. फाळणीनंतर पंजाबकडून निर्वासित होऊन आलेल्या तीरथराम शर्मांनी ती शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली. घरदार सोडून आलेल्या माणसानं वाटेवरच्या लोकांसाठी केलेला पदार्थ आज शेगावची ओळख आहे. पारंपरिक, पारंपरिक म्हणून आपण जे विकतो त्यातलं पुष्कळ असंच कोणीतरी दुरून आणलेलं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शहरात हॉटेलं आली तेव्हा बाईसाठी पडदा आला. ‘फॅमिली रूम’ अशी पाटी आणि आत लाकडाचे कप्पे. नवऱ्यासोबत आलेली बाई त्या कप्प्यात, एकटी बाई रस्त्यावर. तालुक्याला दवाखान्यात किंवा तहसिलीत गेलेली बाई दिवसभर उपाशी राहून संध्याकाळच्या एस.टी.नं घरी येऊन जेवायची. पैसे नसायचे हे एक कारण. पैसे असले तरी ‘बाई हॉटेलात बसली’ हे गावात पोचायला एस.टी.पेक्षा कमी वेळ लागायचा, हे दुसरं. अमरावतीचा गिला वडा अख्ख्या विदर्भात प्रसिद्ध, पण गाडीवर उभं राहून तो खाणाऱ्या बाया बघायला कालपरवाचा दिवस उजाडावा लागला.

गल्ल्याच्या त्या बाजूला मात्र बाई फार आधीपासून होती. खानावळ चालवणाऱ्या पुष्कळ बाया विधवा किंवा टाकलेल्या. शिक्षण नाही, शेती नावावर नाही, येतो तो स्वयंपाक. शिकायला आलेली पोरं, नोकरदार, मजूर यांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं वाढायचं. याला धंदा म्हणायचं नाही, ‘पोरं जेवू घालते’ म्हणायचं. मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळवाल्या बायांची मोठी संख्या होती. गिरणीकामगार एकटे राहायचे, त्यांना जेवू घालणाऱ्या बाया वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायांनी एकमेकींच्या जामीन राहून बँकेचं कर्ज घेतलं आणि फेडलं. आपण आज बचत गटात जे करतो तेच, पण ‘बचत गट’ हा शब्द गावोगावी पोचायच्या कितीतरी आधी. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, हेही 1975 चंच.

सरकारनंही वाटसरूच्या भुकेकडे बघितलं. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. कल्पना चांगली होती. पण एक रुपयात भाकर थापणाऱ्या बाईला काय उरतं, याचं गणित कच्चं होतं. बऱ्याच ठिकाणी भाकर गेली आणि नुसती जागा उरली, त्या जागेत दुसरीच दुकानं आली. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी सुरू झाली, ग्राहकाला 10 रुपयांत. फरक असा की यात वरचा पैसा सरकार केंद्र चालवणाऱ्याला देणार होतं आणि केंद्रं चालवणाऱ्यांत महिला गटही होते. ते पैसे वेळेवर आले तर ठीक. नाही आले तर किराणा उधार, हे चालवणाऱ्या बायांना विचारा.

आता एक गोष्ट मला खटकते ती बोलते. बहिरमला हंडीपुढं कोण बसतं? बापे. शेतात रोडग्याची पार्टी असली की कणीक कोण मळतं? बापे. घरी पाण्याचा पेला हातात मागणारा गडी तिथं डोळ्यांत धूर घेऊन दोन तास वांग्याची भाजी ढवळतो आणि सगळी मंडळी त्याची वाहवा करतात. रांधता येत नाही असं नाही, म्हणजे येतं. घराबाहेरचा, नावाजला जाणारा, पैशाचा स्वयंपाक बाप्यांचा. घरातला, रोजचा, बिनपैशाचा बायांचा. ढाब्यावर बघा, हॉटेलच्या भटारखान्यात बघा, लग्नाच्या आचाऱ्यांत बघा. बाई असते, पण भांडी घासायला आणि पोळ्या लाटायला, सगळ्यांत कमी मजुरीवर.

दुसरी गोष्ट ज्वारीची. आपलं वऱ्हाड ज्वारीचं. भाकर, कण्या, आंबील, सगळं ज्वारीवर. मागच्या तीसेक वर्षांत सोयाबीन वाढलं आणि ज्वारी मागं पडली. रानडुकरांचा त्रास, कापणीला मजूर नाहीत, भाव नाही, कारणं आपल्याला माहीतच आहेत. घरात गव्हाची पोळी आली. आणि नेमकं त्याच वेळी शहरातल्या हॉटेलांत ‘अस्सल वऱ्हाडी थाळी’ आली. त्यात ज्वारीची भाकर, ठेचा, झुणका, पातोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी. एकेकाळी शिळी भाकर फडक्यात लपवून खाणाऱ्यांची नातवंडं ती थाळी पैसे मोजून खातात. मला यात वाईट काही दिसत नाही. वाईट एवढंच की ती भाकर थापायला हॉटेलवाल्याला हातावरची भाकर येणारी बाई शोधावी लागते, आणि सापडली की तो तिला दिवसाची हजेरी देतो, भाकरीचा भाव देत नाही.

म्हणून आपल्या गटांनी यात्रेत, प्रदर्शनात स्टॉल लावताना एक करावं. पीठ, तेल, वांगी, मसाला, गोवऱ्या, जागेचं भाडं आणि येण्याजाण्याचं भाडं हे आपण धरतोच. त्यात दळायला गेलेला वेळ, भाजी निवडायचा वेळ, रात्री भांडी घासणारीची मजुरी आणि जी बाई स्टॉलवर बसते तिचा बुडालेला रोज हेही लिहा. गोवऱ्या घरच्या असल्या तरी लिहा, त्या थापल्या कोणी? आमच्या एका गटानं पहिल्यांदा असं मांडलं तेव्हा वहीत रोडग्याच्या ताटाचा भाव आधी ठरवलेल्यापेक्षा बराच वर गेला. दोघीतिघी म्हणाल्या, एवढ्याला कोण घेईल बाप्पा. भाव तोच लावला. संध्याकाळपर्यंत कणीक संपली. काही गिऱ्हाईकं पाटी वाचून पुढं गेली, तीही गेली हे सांगितलं पाहिजे.

पुढच्या महिन्यात रेडिओवर याच विषयाचा दुसरा भाग करायचा आहे, आणि तो तुमच्या सांगण्यातून करायचा आहे. तुमच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारून ठेवा, ती घराबाहेर पहिल्यांदा पैसे देऊन कधी जेवली? कोणत्या गावी? काय खाल्लं, बसली कुठं आणि पैसे कोणी दिले? आमच्या बैठकीत एका आजीनं सांगितलं की अकोल्याला कोर्टाच्या तारखेला गेली असता तिनं एकटीनं हॉटेलात जाऊन भजी मागवली होती. कितव्या वर्षी ते तिला आठवत नाही. भज्यांसोबत तळलेल्या मिरच्या दोन होत्या, आणि त्यातली एक तिनं घरी सुनेला दाखवायला पदरात बांधून आणली, एवढं मात्र तिला पक्कं आठवतं.